बॅलारॅटची भिंत आणि परत आलेल्या आपल्या युद्धकैद्यांची नावे

प्रश्न — मेलबर्नवासी

सर्वांना सप्रेम नमस्कार.

मेलबर्नपासून पश्चिमेला साधारण 115 किलोमीटरवर बॅलारॅट हे सोन्याच्या खाणींमुळे वसलेले जुने शहर आहे. तिथल्या वनस्पती उद्यानात ऑस्ट्रेलियाच्या माजी युद्धकैद्यांचे स्मारक आहे. त्या परिसरातले शिल्पकार पीटर ब्लिझर्ड यांनी त्याची रचना केली आणि 6 फेब्रुवारी 2004 रोजी ते लोकांसाठी खुले झाले. गेल्या महिन्यात मी पहिल्यांदाच तिथे गेले आणि तेव्हापासून मनात घोळत असलेला एक प्रश्न आज इथे मांडते आहे.

स्मारकाकडे नेणारी वाट सरळ आणि लांब आहे. तिच्या फरशीत रेल्वेच्या स्लीपरसारखे आडवे पट्टे बसवले आहेत, कारण जपान्यांच्या कैदेत सापडलेल्या हजारो ऑस्ट्रेलियन सैनिकांना ब्रह्मदेश-सयाम रेल्वेच्या बांधकामावर राबवले गेले होते. वाटेच्या कडेने सुमारे 130 मीटर लांबीची, काळ्या ग्रॅनाइटची, आरशासारखी घासलेली भिंत आहे. तिच्यावर बोअर युद्धापासून कोरियन युद्धापर्यंत शत्रूच्या हाती सापडलेल्या 35,000हून अधिक स्त्रीपुरुषांची नावे कोरलेली आहेत. पुढे पाण्यात उंच दगडी स्तंभ उभे आहेत. कैद्यांना जिथे जिथे ठेवले होते त्या देशांची नावे त्यांच्यावर आहेत आणि पाहणाऱ्याला त्या दगडांना हात लावता येत नाही, कारण मध्ये पाणी आहे. एक स्तंभ मुद्दाम आडवा पाडून ठेवला आहे. तो परत न आलेल्यांसाठी आहे.

मी उभी होते तिथून चार पावलांवर एक वृद्ध बाई भिंतीवर बोट टेकवून एकेक ओळ खाली सरकत होत्या. नाव सापडल्यावर त्यांनी हातरुमाल पाण्यात भिजवला, तेवढीच एक ओळ पुसली आणि कोरड्या टोकाने पुन्हा टिपून घेतली. मी विचारले, ‘तुमचे वडील तिकडेच गेले का?’ त्या म्हणाल्या, ‘नाही, ते 1945 साली घरी आले आणि म्हातारे होऊन स्वतःच्या बिछान्यात गेले.’ त्या उत्तराने मी थबकले. भिंतीवरच्या नावांपैकी बहुतेक माणसे जिवंत परत आली होती, ही गोष्ट तोवर माझ्या ध्यानातच आली नव्हती. युद्धस्मारकावरचे नाव म्हणजे मेलेल्या माणसाचे नाव, असेच मी लहानपणापासून धरून चालले होते.

माझे आजोबा पाटण तालुक्यातले. ते पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या बटालियनमध्ये, म्हणजे ‘काली पाँचवीं’मध्ये होते. 21 जून 1942 रोजी उत्तर आफ्रिकेतले टोब्रुक पडले तेव्हा सुमारे 33,000 सैनिक जर्मन आणि इटालियन फौजांच्या हाती लागले आणि त्यात ते होते. इटलीत आवेझ्झानो येथे भारतीय कैद्यांची छावणी होती. तिथून त्यांनी पाठवलेले एक कार्ड आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत आहे. ते रोमन लिपीतल्या हिंदुस्थानीत लिहिलेले असल्यामुळे आजीला वाचता येणे शक्यच नव्हते, शाळेच्या मास्तरांकडून तिने ते वाचून घेतले होते. ‘मैं राजी खुशी हूँ’ एवढाच मजकूर, आणि बाकीची जागा कोरी.

आजोबा घरी आले, त्यांनी शेती केली, मुलांची लग्ने लावली आणि 1987 साली ते वारले. गावात दर 26 जानेवारीला हुतात्म्यांची नावे वाचली जातात, आणि ती वाचलीच पाहिजेत. परंतु आजोबांनी तारेच्या कुंपणाआड काढलेल्या वर्षांचा उच्चार मी कुठेही ऐकला नाही. घरातही ‘लढाईवरून आले’ एवढेच म्हटले जाई.

माझा प्रश्न असा आहे की, कैदेत पडून परत आलेल्या आपल्या माणसांच्या नावांना आपल्याकडे जागा कुठे आहे? नसेल, तर ती का नाही, आणि करायची झाल्यास सुरुवात कुठून करावी? या विषयाचा अभ्यास असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर 1 — कृष्णाकाठ

ताई, तुमच्या प्रश्नाचे मूळ, माझ्या मते, आपल्या वीरगळांपर्यंत जाते. गावोगावच्या देवळांच्या आवारात उभ्या असलेल्या वीरगळांवर खालच्या चौकटीत लढाई किंवा गुरांचे रक्षण, मधल्या चौकटीत अप्सरांसह स्वर्गाकडे जाणारा वीर आणि वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर कोरलेला असतो. ही परंपरा थोर आहे. परंतु त्या दगडावर जागा मिळण्यासाठी मरावेच लागते. लढून परत आलेल्याचा दगड आपण घडवला नाही. आजच्या स्मारकांचीही मांडणी तीच आहे. दिल्लीचे राष्ट्रीय युद्ध स्मारक 2019 साली झाले. त्याच्या भिंतींवर स्वातंत्र्योत्तर काळात प्राण दिलेल्यांची नावे आहेत. जो परत आला तो त्या यादीत बसतच नाही.

ब्रिटिशांनी आपल्या खेड्यांत लावलेल्या संगमरवरी पाट्या तुम्ही पाहिल्या असतील. सातारा, रत्नागिरी, रायगड या भागांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत त्या आजही आढळतात. 1914 ते 1919 या काळात या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असे दोन आकडे त्यांवर इंग्रजीत असतात. नाव एकाचेही नसते. आमच्या तालुक्यातल्या अशा एका पाटीवर इतक्या वेळा चुना बसला होता की, अक्षरे नखाने खरवडून वाचावी लागली, आणि वाचून झाल्यावर हाती काय आले, तर एक आकडा. या दोन आकड्यांच्या मधोमध कैदेतून परत आलेले सगळे दडलेले आहेत. गेलेल्यांतून मेलेले वजा केले की उरलेल्यांचे काय झाले, हे पाटीने विचारलेच नाही.

आता तुम्ही बॅलारॅटच्या वाटेवरच्या स्लीपरांचा उल्लेख केला, म्हणून सांगतो. ब्रह्मदेशची रेल्वे होण्याच्या पंचवीस-सव्वीस वर्षे आधी आपली माणसे अशाच एका रेल्वेवर राबली होती. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत-अल-अमारा येथे डिसेंबर 1915 मध्ये तुर्की सैन्याने सहाव्या डिव्हिजनला वेढा घातला. या डिव्हिजनचे नावच ‘पूना डिव्हिजन’ होते. तिच्यात 103वी मराठा लाइट इन्फंट्री होती, जी आज ‘जंगी पलटण’ म्हणून ओळखली जाते, आणि 110वी मराठा लाइट इन्फंट्रीही होती. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. धान्य संपत आले तेव्हा घोडे कापून खाण्याची वेळ आली, आणि पुष्कळ हिंदू व मुसलमान शिपायांनी दीर्घकाळ ते मांस तोंडाला लावले नाही. हिंदुस्थानातून धर्माधिकाऱ्यांची अनुमती मागवण्यात आली, पण तोपर्यंत स्कर्व्हीने अनेकांचे अंग मोडले होते. 29 एप्रिल 1916 रोजी जनरल टाउनशेंड शरण गेले आणि सुमारे 13,000 माणसे कैद झाली, त्यात मोठा भाग भारतीयांचा होता.

पुढचा भाग लिहिताना हात जड होतो. या उपासमारीतून उठलेल्या माणसांना उन्हातान्हात बगदादकडे आणि पुढे वाळवंटातून रास-अल-ऐनपर्यंत चालवत नेले गेले. ज्यांचे पाय चालले नाहीत ते वाटेतच राहिले. जे पोहोचले त्यांतल्या भारतीय शिपायांना बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले गेले. सेनापती टाउनशेंड त्या काळात इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहत होते. बॅलारॅटच्या भिंतीवर माणसांची वर्गवारी पराक्रमाने किंवा मानाने केलेली नाही, एवढी एकच गोष्ट कूतच्या शिपायांच्या वाट्याला आली असती तरी फार झाले असते.

जे वाटेत आणि कैदेत मेले त्यांचीही नावे लगेच लागली नाहीत. मेसोपोटेमियात मरण पावलेल्या आणि थडगे नसलेल्या 40,000हून अधिक माणसांसाठी 1929 साली बसरा येथे स्मारक उभे राहिले. त्यावर ब्रिटिशांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, पण सामान्य भारतीय शिपायांची पलटणीगणिक फक्त संख्या दिली गेली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने 2021 साली आपल्या अहवालात ही असमान वागणूक मान्य केली आणि माफी मागितली. मेलेल्यांची नावे लागायला शंभर वर्षे लागली असतील, तर परत आलेल्यांविषयी कोण विचारणार?

उत्तर 2 — निवृत्त पायदळवाला

कृष्णाकाठ यांनी इतिहास नीट मांडला आहे. मी त्यात माणसाच्या मनाची बाजू घालतो, कारण पायदळात चोवीस वर्षे काढल्यामुळे ती मला जवळून ठाऊक आहे. आपल्याकडे कैद होणे म्हणजे कमीपणा, असे कोणी तोंडावर म्हणत नाही, पण कैदेतून परत आलेला जवान चारचौघांत त्या दिवसांविषयी बोलत नाही आणि त्याला कोणी विचारतही नाही. टोब्रुकला हत्यार खाली ठेवण्याचा हुकूम जनरल क्लॉपर यांनी दिला, तुमच्या आजोबांनी नव्हे. शिपायाने हुकूम पाळला आणि पुढची वर्षे भोगली. ज्या शिस्तीने तो खंदकात उभा राहिला त्याच शिस्तीने त्याने हत्यार खाली ठेवले.

आणि कैदेला कमीपणा म्हणायचा अधिकार निदान आम्हा सातारकरांना तरी नाही. शाहू महाराज 1689 साली लहान वयात मोगलांच्या कैदेत पडले आणि 1707 साली सुटून आले, त्यानंतर याच साताऱ्यात त्यांनी राज्य उभे केले. महाराणी येसूबाई तर 1719 पर्यंत कैदेत होत्या. त्या परत आल्या तेव्हा कोणी त्यांना पराभूत म्हटले नाही.

1971 च्या युद्धातही आपले सैनिक आणि वैमानिक पाकिस्तानच्या कैदेत होते. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर आणि त्यांचे दोन साथीदार, ग्रेवाल आणि हरिश सिंहजी, ऑगस्ट 1972 मध्ये रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून निसटले आणि अफगाण सरहद्दीजवळच्या लंडी कोतलपर्यंत पोहोचल्यावर पकडले गेले. ते आणि सहाशेहून अधिक युद्धकैदी डिसेंबर 1972 मध्ये मायदेशी आले. परुळकरांची कथा सांगितली जाते, कारण तिच्यात सुटकेचा थरार आहे. बाकीच्यांनी काहीही न फोडता वर्षभर नुसते सहन केले. ते सहन करणे मला तितकेच मोठे वाटते. त्याच युद्धातले 54 जण बेपत्ता म्हणून नोंदले गेले आहेत आणि त्यांचे नातेवाईक आजही वाट पाहतात. परत आलेल्यांची यादी डोळ्यांसमोर असली की न आलेल्यांची जागाही रिकामी दिसते, आणि ती दिसत राहणे आवश्यक आहे.

उत्तर 3 — दौलतीचा कारकून

भावना पूर्णपणे पटते, तरीही एक अडचण मांडणे मला कर्तव्य वाटते. ऑस्ट्रेलियाला हे स्मारक उभारताना जो प्रश्न पडला नाही तो आपल्याला पहिल्याच दिवशी पडेल. दुसऱ्या महायुद्धात कैद झालेल्या भारतीयांपुढे एक निवड आली होती. जर्मनीत आन्नाबुर्गच्या छावणीतल्या आणि इतर कैद्यांमधून नेताजींच्या आवाहनावर आझाद हिंद लीजन उभे राहिले, सिंगापूर पडल्यावर तिथल्या कैद्यांमधून आझाद हिंद सेना उभी राहिली. काही जण सामील झाले, काहींनी घेतलेली शपथ मोडण्यास नकार दिला. सामील न झालेल्यांपैकी सुमारे 3,000 जणांना जपान्यांनी 1943 साली न्यू गिनीत मजुरीसाठी नेले आणि त्यांतले फारच थोडे वाचले. सेपिक नदीकाठच्या अँगोरम येथे 1945 साली ऑस्ट्रेलियन सैन्याला हाडांचे सापळे झालेले अकरा भारतीय मिळाले. मायदेशाच्या वाटेवर विमान कोसळून त्यांतले दहा गेले. युद्धगुन्ह्यांची साक्ष देण्यासाठी मागे थांबलेले चिंत सिंग तेवढे उरले. मेलबर्नवासी ताईंना आपल्या आणि ऑस्ट्रेलियाच्या कैद्यांमधला हा धागा जवळचा वाटेल, म्हणून मुद्दाम लिहिला.

आता एकाच भिंतीवर या दोन्ही प्रकारच्या माणसांची नावे लिहायची का? माझे उत्तर ‘होय’ असे आहे, आणि ते मी पुष्कळ विचार करून देतो आहे. भिंतीची अट एकच ठेवावी लागेल, ती म्हणजे तो माणूस शत्रूच्या हाती सापडला होता. तारेच्या आत गेल्यावर त्याने कोणता निर्णय घेतला याचा निवाडा इतिहासाच्या पुस्तकांत होत राहील. तो दगडावर करायला गेलो तर पहिले अक्षर कोरण्याआधीच समिती फुटेल.

दुसरी अट याहून महत्त्वाची आहे. कूतच्या कैद्यांत हजारो माणसे बिनलढाऊ होती. भिस्ती, स्वयंपाकी, झाडूवाले, खेचरवाले, डोलीवाले. आपल्या बखरी अशांना ‘बाजारबुणगे’ म्हणून एका शब्दात निकालात काढतात. त्यांनी तीच भूक सोसली आणि तीच वाळवंटाची वाट तुडवली. यादी केवळ शिपायांची केली तर बसऱ्याला इंग्रजांनी जे आपल्याशी केले तेच आपण त्यांच्याशी करू.

मेलबर्नवासी

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. कूतच्या रेल्वेविषयी वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. त्या वाटेवरून मी चालत गेले तेव्हा ती दुसऱ्यांचीच वाट आहे असे मानून चालले होते. न्यू गिनीतल्या भारतीयांविषयी तर मला काहीच ठाऊक नव्हते, आणि मी या देशात सोळा वर्षे राहते आहे.

बॅलारॅटविषयी एक माहिती पुरवते, कारण ती आपल्या कामाची आहे. हे स्मारक राजधानीत नाही. ते एका शहरातल्या माजी कैद्यांनी आणि नागरिकांनी मनावर घेतले, त्यासाठी पैसे जमवले आणि मग सरकार सोबत आले. कॅनबेराबाहेरच्या स्मारकाला राष्ट्रीय दर्जा देण्याची सोय नव्हती, म्हणून 2008 साली संसदेने त्यासाठी कायदा केला. म्हणजे आधी भिंत झाली आणि दर्जा मागून आला. आपल्याकडेही पहिली पाटी दिल्लीत लागण्याची वाट पाहण्याचे कारण नाही, असे मला वाटू लागले आहे. माझा चुलतभाऊ गावीच असतो. आजोबांच्या बरोबरीने त्याच खोऱ्यातले आणखी काही जण टोब्रुकला पकडले गेले होते, असे घरातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात येत असे. त्यांची नावे कशी शोधायची, हे कोणी सांगू शकेल का?

उत्तर 4 — जुनी कागदपत्रे

पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांसाठी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने जिनिव्हातली आपली कार्डे आणि याद्या 2014 पासून इंटरनेटवर विनामूल्य खुल्या केल्या आहेत. त्यांत भारतीय पलटणींच्या नोंदीही आहेत. शोधताना मराठी आडनाव इंग्रज कारकुनाने कसे लिहिले असेल याचा विचार करावा लागतो. ‘जाधव’ हे ‘जाधाओ’ होते, ‘पवार’ हे ‘पोवार’ होते, ‘शिंदे’ हे ‘सिंदे’ होते, आणि बहुतेक शिपाई आडनावाने नव्हे तर पहिल्या नावाने लावलेले असतात. दुसऱ्या महायुद्धाची कार्डे अशी खुली नाहीत. त्यांच्यासाठी रेडक्रॉसकडे अर्ज करावा लागतो आणि असे अर्ज ठरावीक काळातच, मर्यादित संख्येने स्वीकारले जातात, तेव्हा कागद तयार ठेवून अर्जाची मुदत सुरू झाल्या दिवशीच तो भरावा. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, तिथे बटालियन आणि शिपाई क्रमांक देऊन लेखी विचारणा करावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकांच्या आणि त्यांच्या विधवांच्या नोंदी असतात, त्यांतूनही गावनिहाय नावे जुळवता येतात.

गावातल्या जुन्या माणसांना विचारताना ‘युद्धकैदी कोण होते?’ असे विचारू नये, कारण तो शब्द त्यांच्या बोलण्यात नाही. ‘लढाईच्या वेळी कोणाच्या घरी बराच काळ मनिऑर्डर आली नाही?’ किंवा ‘कोणाचे कार्ड परदेशातून यायचे आणि मास्तर वाचून दाखवायचे?’ असे विचारावे. मी रायगड जिल्ह्यात अशी चौकशी करत होतो तेव्हा एका आजींनी लगेच तीन घरे बोटाने दाखवली होती. माणगावजवळ नाईक यशवंत घाडगे यांना सगळे ओळखतात आणि ते योग्यच आहे, 1944 साली इटलीत धारातीर्थी पडलेल्या त्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानकऱ्याचे स्मारक 2023 मध्ये इटलीतल्या मोंतोने गावानेही उभारले. त्यांची बटालियन म्हणजे जुनी 110वी, कूतला कैद झालेली. तिच्या एका पिढीचा वीर दोन देशांना ठाऊक आहे आणि आधीच्या पिढीतले कैदी त्यांच्या नातवंडांनाही ठाऊक नाहीत.

ताई, तुमच्या घरी जे कार्ड आहे त्याच्या पाठपोट दोन्ही बाजूंचे छायाचित्र दिवसाच्या उजेडात, कार्ड सपाट ठेवून काढायला चुलतभावाला सांगा. नावाशेजारी किंवा वरच्या कोपऱ्यात एक-दोन आकडे असतील. त्यांतला एक आजोबांचा पलटणीतला नंबर असतो आणि दुसरा असल्यास तो छावणीने दिलेला असतो. दोन्ही इथे लिहून पाठवा. ‘पीजी’ या अक्षरांपुढचा आकडा छावणीचा असतो, आवेझ्झानोचा 91 होता. तेवढे हाती आले की त्याच खोऱ्यातली इतर नावे त्याच यादीत शोधायला आपण दोघे मिळून बसू.